सापाचं पिल्लू खात नाही? आधी थर्मामीटर, मग उंदीर

आज पिल्लाने उंदीर नाकारला असेल तर उद्या परत देऊ नका. परवाही नको. बाकीचा लेख सावकाश वाचा, पण एवढं आत्तापासून पाळा, कारण नवीन माणूस हमखास चुकतो तो इथेच. साप उपाशी आहे या काळजीने रोज संध्याकाळी चिमट्यात धरलेला उंदीर त्याच्या नाकापुढे नाचवला जातो, आणि चौथ्या दिवशी साप चिमटा दिसताच डोकं वेटोळ्याखाली घालतो. दोन प्रयत्नांत पाच ते सात दिवसांचं अंतर हवंच. अंग गरम ठेवायला सापाला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे आपल्यासारखी दोन वेळची भूक त्याला नसते. आठ-दहा दिवस न खाणं म्हणजे त्याच्या लेखी दुपारचा चहा चुकला.

माझा बॉल पायथन नागपुरात घरी आला तो एप्रिलच्या शेवटी. वजन ६८ ग्रॅम. घाबरला की गोळा होऊन बसायचा, म्हणून नाव पडलं आलूबोंडा. देणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, "काहीही टाका, खातो." पुढचे पाच आठवडे त्याने काहीही खाल्लं नाही. मित्र यायचे, टबात वाकून बघायचे आणि विचारायचे, "काहून खात नाही बे हा?" त्या पाच आठवड्यांत मी जे उलट्या क्रमाने शिकलो ते इथे सुलट क्रमाने लिहितो. बहुतेक मजकूर बॉल पायथनबद्दल आहे, कारण उपास करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

पायरी १: साप नक्की कोणता, ते बघा

हे विचारावं लागतं. पावसाळा सुरू झाला की अंगणात, बाथरूममध्ये, कुंडीखाली सापांची पिल्लं निघतात आणि कोणीतरी त्यातलं एक बरणीत घालून "पिंकी खात नाही, काय करू?" म्हणून फोटो पाठवतं. पिंकी म्हणजे उंदराचं केस न फुटलेलं गुलाबी पिल्लू. फोटोत असतो कवड्या, नाहीतर तस्कर किंवा धामणीचं पिल्लू. कवड्या मुळात पालीवर जगणारा. गुलाबी उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. पण त्याला काय खाऊ घालायचं हा प्रश्नच इथे येत नाही. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि पिल्लू त्यांच्या ताब्यात द्या.

बॉल पायथन आफ्रिकेतला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या (CITES) यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती केलेली नसेल तर आधी ते काम उरका. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवा. आणि विकत घेतानाच विचारा: याने आतापर्यंत किती वेळा खाल्लं, काय खाल्लं, जिवंत की गोठवलेलं, शेवटची तारीख कोणती? मी हे विचारलं नव्हतं. चांगला ब्रीडर, म्हणजे सापांची पैदास करून विकणारा, वही काढून दाखवतो. "काहीही खातो" हे उत्तर नाही.

पायरी २: आठवडाभर हात लावू नका

नवीन घरी आलेलं पिल्लू पहिले पाच-सात दिवस फक्त लपून बसतं. त्याला बसू द्या. पाणी बदला, घाण काढा आणि बाजूला व्हा. घरात साप आला म्हटल्यावर कॉलनीतली पोरं रांग लावतात, मामा-मावशी व्हिडिओ कॉलवर येतात. हे सगळं पहिलं जेवण झाल्यावर. अगदी ताज्या पिल्लाचं असं की अंड्यातून बाहेर आल्यावर पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, ते पोटातल्या बलकावरच असतं. त्याआधी त्याला भरवायचा प्रश्नच नाही.

पुढेही डोळे निळसर-दुधाळ झाले आणि अंगाचा रंग मातकट दिसू लागला तर कात येते आहे. या दिवसांत बहुतेक पिल्लं खात नाहीत. कात पूर्ण उतरली की दोन दिवस थांबून द्या, भूक बरेचदा तेव्हाच उघडते.

पायरी ३: तापमान

नागपुरात खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

बॉल पायथनला टबाची गरम बाजू ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ अंश लागते. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५. पोटातलं अन्न पचवायला सापाला बाहेरची ऊब लागते. ती नसली तर गिळलेला उंदीर पोटात पचायच्या आधी सडतो, म्हणून थंडावलेला साप खाणंच टाळतो. आणि फार तापलेला साप खाण्याचा विचार सोडून पळायची वाट शोधत बसतो.

माझ्या टबात काचेच्या भिंतीला चिकटवलेलं गोल डायलचं थर्मामीटर होतं. काटा ३१ वर. मी निश्चिंत. खाली हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) होती, तिला थर्मोस्टॅट (ठरलेल्या अंशावर ती बंद करणारं यंत्र) नव्हता, कारण "आपल्याकडे काय थंडी असते" असा माझा हिशेब. आलूबोंडा दिवसभर पाण्याच्या वाडग्यात बसून असायचा आणि मला वाटायचं, पठ्ठ्याला पोहायला आवडतं. तिसऱ्या आठवड्यात तार असलेलं डिजिटल थर्मामीटर आणलं आणि त्याची टोकाकडची गोळी हाइडच्या, म्हणजे सापाच्या लपायच्या खोपटाच्या खाली, जिथे साप पोट टेकवतो तिथे सरकवली. आकडा चढत चढत ३९.४ वर जाऊन थांबला. मी तळहात ठेवून बघितला, चटकन उचलला. तो पोहत नव्हता, पाय नसलेला जीव तव्यावरून उठून पाण्यात बसला होता.

तर: थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावायची नाही. आणि तापमान भिंतीवर नाही, जमिनीवर मोजायचं.

मे महिन्यात, त्यातही नवतप्याच्या दिवसांत, बाहेर ४५ असतं तेव्हा मॅट सरळ बंद ठेवा. खोलीच ३५-३६ असेल तर टबात थंड बाजू उरतच नाही आणि काम उलटं होतं: गरम करायचं नाही, थंड करायचं. टब गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका, स्लॅब रात्री दोनपर्यंत भट्टीसारखा तापलेला असतो. घरातली सगळ्यात आतली, खालची खोली निवडा आणि टब टेबलावर न ठेवता जमिनीलगत ठेवा. कूलर चालू असलेली खोली उत्तम, फक्त झोत टबावर येऊ देऊ नका. दुपारी वीज गेली तर बर्फ केलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबाच्या एका बाजूला, बाहेरून टेकवून ठेवायची. माझ्या फ्रीझरमध्ये एप्रिल ते जून अशा दोन बाटल्या कायम असतात.

हिवाळ्याची अडचण वेगळी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, बंद खोलीतही १७-१८ होतं. मॅट जमीन गरम करते, हवा नाही. पोटाखाली ३२ आणि नाकातून जाणारी हवा १८, अशा टबात साप खात नाही आणि वर सर्दी धरतो. टबाच्या तीन बाजूंना जाड चादर किंवा थर्माकोल लावा; मोठ्या पेटीत जाळी लावलेला सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर. वयात आलेले बॉल पायथन थंडीत महिना-दोन महिने आपणहून खाणं सोडतात. त्याला घाबरायचं नाही. मात्र पहिल्या वर्षातल्या पिल्लाने तसं केलं तर आधी टबातच दोष शोधा.

पायरी ४: ओलावा आणि लपायची जागा

बॉल पायथनला हवेत ५५ ते ६५ टक्के ओलावा पाहिजे, कॉर्न स्नेकला ४० ते ५० पुरे. उन्हाळ्यात आपल्या दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक होतात. कूलरने ओलावा आपोआप वर येतो. एसी असलेल्या खोलीत उलट खाली जातो. एसीवाल्यांनी हाइडमध्ये ओलसर पिळलेलं स्फॅग्नम मॉस (सुकवलेलं शेवाळ) ठेवावं आणि पाण्याचं भांडं मोठं घ्यावं. पावसाळ्यात हेच सगळं उलटं फिरतं: टबात अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं राहतं, बुरशी येते, पोटाखालचे खवले तांबूस होतात. जुलैत माझं मॉस बंदच असतं.

हाइड दोन हवीत, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही चिंचोळी. नवीन माणूस हौसेने मोठी गुहा आणतो. सापाला पाठ, कुशी सगळीकडून टेकलेली जागा लागते. पालथी घातलेली, काठाला दार कापलेली प्लास्टिकची वाटी त्याला महागड्या गुहेपेक्षा आवडते. टब फार मोठा आणि मोकळा असेल तर त्यात चुरगळलेले कागद, प्लास्टिकची पानं टाकून तो भरून टाका. उघड्यावर पडलेलं पिल्लू स्वतःला कोणाचं तरी जेवण समजत असतं, ते जेवणार कसं?

पायरी ५: वजन

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. कॉर्न स्नेकचं पिल्लू जन्मतः सहा-आठ ग्रॅमचं असतं, त्याला दशांश दाखवणारा हवा. आठवड्यातून एकदा, डब्यात ठेवून, वजन वहीत लिहा. सोबत तारीख, काय दिलं, खाल्लं की नाही, गरम बाजू, थंड बाजू, ओलावा. पाच आठवड्यांत आलूबोंडा ६८ वरून ६४ वर आला, इतकंच. घरचे रोज म्हणत होते की तो वाळला आहे. वही म्हणत होती की चार ग्रॅम. वहीवर विश्वास ठेवा.

पायरी ६: उंदीर कसा द्यायचा

उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, वजन सापाच्या दहा ते पंधरा टक्के. ६८ ग्रॅमच्या पिल्लाला सात ते दहा ग्रॅमचा. कॉर्न स्नेकच्या नवजात पिल्लाला एक-दीड ग्रॅमची पिंकी. अडून बसलेल्या पिल्लाला नेहमीपेक्षा थोडा लहानच द्या.

घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीही नाही. शेजारच्या किराणा दुकानात त्याने काय विष खाल्लं आहे ते तुम्हाला माहीत नाही, शिवाय जंत वेगळे. चिकनचे तुकडे, अंडं, झुरळ, हेही नाही. आणि दूध तर नाहीच. आमची आजी नागपंचमीला वाटी घेऊन टबापाशी आली होती. तिला म्हटलं, हळदीकुंकू लांबूनच वाहा आणि दूध मला दे. सापाला दूध पचत नाही.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. (आईने यासाठी मागच्या खोलीतला जुना फ्रीज मोकळा करून दिला आणि त्यावर स्वतः खडूने मोठी फुली मारली.) दुसऱ्या रात्री झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. पाणी उकळतं नको, आणि मायक्रोवेव्ह तर नकोच, उंदीर आतून फुटतो. बाहेर काढल्यावर कोरडा पुसा. आता महत्त्वाचं: डोकं ३८ ते ४० अंश गरम लागलं पाहिजे. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी तो अंधारात उष्णता "बघतो". कोमट उंदीर त्याच्यासाठी दगड आहे. देण्याच्या आधी अर्धा मिनिट हेअर ड्रायर फक्त डोक्यावर धरा. कॉर्न स्नेकला असे खळगे नसतात, तो वासावर चालतो.

उन्हाळ्यात पार्सलने मागवलेले उंदीर अर्धे विरघळून आले तर पैसे गेले समजा आणि फेकून द्या. परत गोठवून दिलेल्या मालाने साप ओकतो.

वेळ रात्री दहानंतरची. दिवे बंद, पंखा चालेल, टीव्ही बंद. चिमटा लांब घ्या, निदान एक वीत हात मागे राहील असा, आणि उंदीर वरून न आणता बाजूने, जमिनीलगत, हाइडच्या तोंडाशी आणा. वरून येते ती घार. नाकाला टोचू नका. थोडं हलवा, थांबा, परत थोडं. जीभ भराभर आत-बाहेर होऊ लागली आणि मान हळूच इंग्रजी एसच्या आकारात मागे गेली की तुम्ही श्वास रोखून स्थिर राहायचं. आलूबोंड्याने सहाव्या आठवड्यात असंच केलं. मान मागे गेली, मी मनात वीसपर्यंत मोजलं, काही नाही, मनगट भरून आलं, आणि मी चिमटा सोडायच्या बेतात असताना ठप्प असा आवाज आला. उंदराभोवती दोन वेटोळी पडली होती. पुढचा पाऊण तास मी अंधारात फरशीवर बसून होतो; खोलीच्या बाहेर आई कुजबुजत होती, "खाल्लं का रे?"

पायरी ७: तरीही नाही, तर

तापमान, ओलावा, लपण, वेळ हे सगळं बसलेलं असेल तरच इथे या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने खाल्लं ते कळत नाही.

पाच मिनिटांत लक्ष दिलं नाही तर उंदीर हाइडच्या तोंडाशी बशीत ठेवा, दिवा बंद करा आणि झोपायला जा. सकाळी लवकर उठून उचला. लाजाळू पिल्लं कोणी बघत नसताना खातात. पुढच्या आठवड्यात हेच छोट्या डब्यात करा: झाकणाला भोकं पाडलेला, आत टिश्यू कागद, साप आणि उंदीर, डबा टबातच कोमट बाजूला. कॉर्न स्नेकच्या पिल्लांना हा उपाय चांगलाच लागू पडतो. त्यानंतर वास बदला. रॅटचं (मोठ्या जातीच्या उंदराचं) पिल्लू नाकारत असेल तर माइसचं (छोट्या जातीच्या उंदराचं) द्या, किंवा रॅट माइसच्या पिंजऱ्यातल्या वापरलेल्या भुशात घोळवा. बऱ्याच पिल्लांना सुरुवातीला माइसची सवय लावलेली असते आणि विकणारा ते सांगत नाही. कॉर्न स्नेकसाठी आणखी एक, ज्याला किळस येते त्याने पुढचं वाक्य सोडावं: पिंकीच्या डोक्याला सुईने छेद देऊन थोडा मेंदू बाहेर काढला तर त्या वासाने हट्टी पिल्लूही तोंड घालतं.

पालीने उंदीर घासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, रानातल्या पालीबरोबर जंत येतात.

जिवंत उंदीर? डोळे उघडलेला उंदीर सापाबरोबर एकटा सोडला तर उंदीर सापाला चावतो, आणि भूक नसलेला साप मुकाट्याने चावून घेतो. फक्त जिवंतच खाल्लेल्या पिल्लासाठी नुकताच मारलेला, अजून उबदार उंदीर हा मधला रस्ता आहे. ब्रीडरकडूनच तसा घ्या. दोन-तीन वेळा खाल्ला की गोठवलेल्यावर या.

तोंड उघडून जबरदस्तीने कोंबायचं काम घरी करू नका. जबडा, दात आणि श्वासनळी तिघांनाही धोका, आणि साप तुम्हाला पुढे महिनोन्महिने ओळख देत नाही.

डॉक्टरकडे कधी

वजन दहा टक्क्यांनी घटलं, पाठीचा कणा धारेसारखा वर आला, तोंड उघडं ठेवून श्वास चालू आहे, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टी, हिरड्यांवर पिवळट पनीरसारखा थर, पाण्यात बुडालेले काळे ठिपके (हे माइट्स, सापाचं रक्त पिणारे बारीक किडे), किंवा खाल्लेलं ओकून टाकलं, यातलं एकही असेल तर युक्त्या बंद. कॉर्न स्नेकच्या इवल्या पिल्लाकडे साठा कमी असतो, त्याने तीन-चार आठवडे काहीच घेतलं नाही तर थांबू नका. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी फोन करून विचारा की सरपटणारे प्राणी कोण बघतं आणि कधी. सगळे बघत नाहीत. साप कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, निघायचं सकाळी आठच्या आत. मे महिन्यात उभ्या गाडीत पाच मिनिटंही डबा ठेवायचा नाही. वही आणि ताजी विष्ठा बरोबर न्या.

आणि खाल्लं तर

४८ तास हात लावायचा नाही, फोटोसाठीही नाही. हाताळलं तर ओकतो, आणि ओकलं तर पुढचे दहा ते चौदा दिवस काही द्यायचं नाही. टब साफ करताना, उंदीर धरताना, दरवेळी नंतर साबणाने हात धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो.

पुढचं जेवण सात दिवसांनी, त्याच आकाराचं, त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात. आनंदाच्या भरात लगेच मोठा उंदीर देऊ नका. सलग तीन वेळा बिनतक्रार खाल्ल्यावरच आकार वाढवा, आणि त्यानंतर हवं तर कॉलनीतल्या पोरांना बोलवा.